मावशीच्या बॅटऱ्या आणि कलम नऊ

माझ्यावर खटला भरण्यात आला तेव्हा माझ्या एका हातात कानयंत्राच्या बॅटऱ्यांचं पाकीट होतं, दुसऱ्या हातात आठ फुटी बांबू होता आणि डोक्यावर मावशीच्या दिवंगत यजमानांची लोकरीची टोपी होती. बॅटऱ्या सोडल्या तर यातलं काहीही घेऊन मी घरून निघालो नव्हतो. मावशीला बॅटऱ्या द्यायच्या आणि वीस मिनिटांत परत यायचं, एवढाच बेत होता.

मावशी आमच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वय एक्याऐंशी. पस्तीस वर्षं तिनं टेलिफोन ऑफिसात जोडणी करून देण्याचं काम केलं. अख्ख्या शहराचं बोलणं तिच्या कानांतून गेलं आणि त्यातच कान वापरून संपले, असं ती म्हणते. यंत्र बंद असलं की ती फोनवर फक्त बोलते. त्या सकाळीही तसंच झालं. "बॅटऱ्या संपल्या. तू काही बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. घेऊन ये," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

साथ सुरू होऊन सहा आठवडे झाले होते आणि आदल्याच दिवशी, सोमवारी, साथ नियंत्रणाचे तातडीचे नियम लागू झाले होते. रेडिओवर ते वाचून दाखवले तेव्हा मी आणि बायको दोघंही कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. वृद्धांना औषध पोचवायला बाहेर पडता येईल, हे मी स्वतः टिपून घेतलं होतं. प्रश्न होता तो बॅटरी हे औषध आहे का, हा.

"चष्मा औषध आहे का?" बायकोनं विचारलं.

"नसावा."

"मग बॅटरी कशी असेल?"

मी चौकशीच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, बॅटरीचं अजून ठरलेलं नाही, पण नेऊ शकता. ठरलेलं नसताना नेऊ शकता, हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. लिहिताना ते ठीक वाटलं होतं.

मावशीच्या इमारतीचं मुख्य दार रहिवाशांच्या समितीनं कुलूप लावून बंद केलं होतं. माझी हरकत नव्हती. मावशीकडे भाजी वर घ्यायची टोपली आणि दोरी आहे. ती टोपली खाली सोडेल, मी पाकीट ठेवीन, विषय संपला. मी रस्त्यावर उभा राहून हाका मारल्या. चौथ्या की पाचव्या हाकेला ती योगायोगानं खिडकीशी आली.

"मावशी, टोपली सोड."

मावशीनं समजल्यासारखी मान डोलावली, आत गेली आणि थोड्या वेळानं वरून एक टोपी माझ्या पायाशी येऊन पडली.

"टोपी नाही गं, टोपली."

"मोठी होते का?" मावशी वरून म्हणाली. "त्यांचं डोकं मोठंच होतं."

टोपी कुठे ठेवायची म्हणून मी ती डोक्यावर ठेवली. एव्हाना पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून मला माहिती दिली, की मावशींना ऐकू येत नाही. मी म्हणालो, म्हणूनच आलोय. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी कॅलेंडरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत 'टोपली' असं लिहिलं आणि कॅलेंडर खिडकीबाहेर वर धरलं. मावशीनं चष्म्याशिवाय ते वाचलं आणि टपाल परवाच आलं म्हणून सांगितलं. समोरच्या इमारतीतून कोणीतरी सुचवलं की पाकिटाला दगड बांधून फेका. त्यांच्या शेजारच्या खिडकीनं याला विरोध केला, कारण काच फुटली तर काच बसवणारा सध्या मिळत नाही. त्या दोन खिडक्यांची यावरून जुंपली. तळमजल्यावरच्या एकानं जाळ्या काढायचा बांबू खिडकीच्या गजांतून माझ्याकडे सरकवला. आठ फुटी बांबू तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नाही हे मलाही दिसत होतं, पण माणूस इतक्या आपुलकीनं देत असताना नाही म्हणवेना.

याच वेळी हवालदार आले.

"काय चाललंय इथे?"

"मावशीला बॅटऱ्या देतोय."

"किती माणसं जमलीत?"

"मी एकटाच जमलोय."

हवालदारांनी बोट वर करून खिडक्या मोजल्या. अकरा माणसं भरली. बाराव्या खिडकीत मांजर होतं, ते त्यांनी धरलं नाही. माणूस प्रामाणिक होता, हे मी आजही सांगेन.

"हे सगळे आपापल्या घरात आहेत, साहेब."

"पण बघतायत तुमच्याकडे. म्हणजे जमाव तुमचाच झाला." त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून पावतीपुस्तकासारखं एक पुस्तक काढलं, पाहिलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. "जमाव म्हणजे कलम सात. सातचं पुस्तक सकाळीच संपलं. नऊचं आहे."

"नऊ म्हणजे काय?"

"वाचायला वेळ कुठे मिळालाय? काल नियम आले, आज पुस्तकं आली. आतून सगळी सारखीच आहेत. नाव, पत्ता, सही."

मी सही केली. पाणीपुरवठ्याच्या नकाशे विभागात एकोणीस वर्षं काढलेला माणूस, पुढे आलेल्या छापील कागदावर सही केल्याशिवाय राहू शकत नाही. मग हवालदारांनी बॅटऱ्या, बांबू आणि टोपी पुरावा म्हणून ताब्यात घेतली. बांबूवाल्यानं हरकत नोंदवली, तर त्याचंही नाव विचारण्यात आलं, त्यामुळे तो खिडकी लावून आत गेला. हवालदार टोपी उलटीसुलटी करून बघत होते. मावशी वरून त्यांना म्हणाली, "तुम्हाला बसेल. घालून बघा."

घरी आल्यावर बायकोनं कागद वाचला. मी तोवर हात धूत होतो.

"'संशयित बाधित इसमाने तपासणीस नकार देऊन पळ काढणे,'" तिनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "पळ? तुम्ही?"

मला हे लागलं. आरोप खोटा होता तो होताच, पण घरच्या माणसानं नेमक्या त्याच शब्दावर अविश्वास दाखवावा, हे बरं वाटलं नाही. मी ठरवलं तर पळू शकतो. गुडघ्याचं दुखणं अलीकडचं आहे.

आमच्या तळमजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून राहतात. सगळे त्यांना कोर्टकाका म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून कागद सरकवले. जिन्यात सहा पायऱ्यांचं अंतर ठेवून त्यांनी माझा कागद हातात न घेता, मला धरायला लावून वाचला.

"कबूल करून टाका," ते म्हणाले.

"पण काका, मी पळालो नाही. मला तपासणीला कोणी बोलावलंच नव्हतं."

"ते कोर्टाला कशाला सांगायचं? कबूल म्हणणारा जेवायच्या वेळेला घरी असतो. नाही म्हणणाऱ्याला तारखा मिळतात. मी चौतीस वर्षं तारखा दिल्यात, मला माहीत आहे. किरकोळ दंड होईल, भरा आणि विसरा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कबुलीचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून आमच्या दाराखालून सरकवला. खाली फक्त माझी सही राहिली होती. त्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे की गुन्हेगार म्हणून माझं नाव त्या अक्षरात वाचताना क्षणभर बरं वाटलं.

त्याच दुपारी आमच्या विभागप्रमुखांचा फोन आला. बातमी तिथवर कशी गेली कोण जाणे. त्यांनी फार सहानुभूतीनं सांगितलं की शिक्षा झाली तर, ती कितीही किरकोळ असो, मला निलंबित करावं लागेल. तोवर मी घरून नकाशे काढत राहावे. निलंबित झाल्यावर मी घरीच बसणार आणि न झाल्यावरही घरीच बसणार, मग फरक काय, असं मी विचारणार होतो. पण एकोणीस वर्षांत माझ्या गोपनीय अहवालात एक शेरा नाही. मी "होय साहेब" म्हणालो.

फोन ठेवतो न ठेवतो तोच आरोग्य कार्यालयातून फोन आला.

"कलम नऊवाले ना तुम्ही? चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही. घरातल्या कोणीच नाही. दारावर कागद लागेल."

"पण मी आजारी नाही."

"संशयित आहात."

"कोणी संशय घेतला?"

"तुमच्यावर नऊखाली खटला आहे. नऊ संशयितांनाच लागतं. म्हणजे तुम्ही संशयित."

"मग माझी तपासणी करा. मी नकार देत नाही. आत्ता करा."

"ताप, खोकला आहे?"

"नाही."

"मग तपासणी होत नाही."

"तपासणी होत नाही, तर मी तिला नकार दिला कसा?"

 फोनवरच्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही फार विचार करू नका. मीही सोमवारपासून करत नाही."

खरी पंचाईत पुढे होती. माझ्या खटल्याची तारीख त्या चौदा दिवसांतल्या नवव्या दिवशी होती. कोर्टात गेलो तर संशयितानं घर सोडलं म्हणून कलम नऊ. नाही गेलो तर वॉरंट. कोर्टकाकांना हे जिन्यातून सांगितलं तेव्हा त्यांनी आनंदानं डोळे मिटले. चौतीस वर्षांत अशी केस त्यांच्या टेबलावर आली नव्हती.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला तेव्हा मला हसू आलं नव्हतं. "माझ्या दारावर कोणीतरी कागद चिकटवलाय," ती म्हणाली. "मतदान आहे का? आणि डबा आणणारी बाई आली नाही. तू बोलू नकोस, ऐकू येत नाही." आणि फोन ठेवला. संशयित इसम जिच्याकडे गेला होता ती मावशीही संशयित ठरली होती. डबेवालीला खालूनच परत पाठवलं होतं. मी तिच्या दारापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो. मी परत फोन केला, दहा वेळा केला. घंटा वाजत राहिली. ज्या बाईनं जन्मभर एका घंटेला फोन उचलला, तिला घंटाच ऐकू येत नव्हती.

बायकोनं मावशीच्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा नंबर कुठूनतरी मिळवला. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, कालपासून आम्हीच पाठवतोय. कसं, तर मावशीनं आपणहून टोपली खाली सोडली होती, भूक लागली म्हणून. पहिल्या मजल्यानं त्यात जेवण ठेवलं, दुसऱ्या मजल्यानं दोरी जरा वर ओढायला मदत केली. नियमात हे बसतं का, असं मी विचारलं. बाईंनी फोन ठेवला.

नवव्या दिवसाचं कोडं बायकोनं सोडवलं. कोर्टात चार वेळा फोन करून तिनं लेखी निरोप मिळवला, की कलम नऊच्या आरोपींनी कोर्टात यायचं, पण आत यायचं नाही. अंगणात उभं राहायचं. कोर्टकाका सल्लागार म्हणून सोबत निघाले, अर्थात रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं. जागोजागी ते आपलं जुनं ओळखपत्र दाखवत होते आणि त्यावरचा त्यांचा तरुणपणीचा फोटो बघून पोलिस गोंधळात त्यांना सोडत होते.

कोर्टाच्या अंगणात खडूनं वर्तुळं काढली होती. एकेका वर्तुळात एकेक आरोपी, असे आम्ही चौदा जण. न्यायाधीश बाई पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसल्या होत्या. त्यांच्या हातातला कर्णा फक्त शिट्टी वाजवत होता, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. सरकारी वकील खाली, पायऱ्यांवर. माझं नाव पुकारलं गेलं. माझ्या खिशात काकांनी लिहिलेली कबुली होती. रात्रभर विचार करून मी सही करून आणली होती. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण हे संपू दे, असं झालं होतं.

"गुन्हा कबूल आहे का?" वरून प्रश्न आला.

मी खिशात हात घातला. खाली बघितलं तर वकिलांच्या हातात माझा कागद होता आणि त्यावर 'पळ काढणे' हे शब्द मला इतक्या लांबूनही दिसले. मला बायकोचा चेहरा आठवला.

"नाही," मी म्हणालो.

"ऐकू आलं नाही."

"नाही," मी ओरडलो. "मी पळालो नाही. मावशीला बॅटऱ्या द्यायला गेलो होतो. मी उभाच होतो. अकरा माणसं साक्षीला आहेत."

शेजारच्या वर्तुळातल्या माणसानं वर सांगितलं, "बॅटऱ्या म्हणतायत."

"तुम्ही संशयित होतात, हे कोणी ठरवलं?"

"आरोग्य कार्यालय म्हणतं, खटल्यामुळे ठरलं."

"आणि खटला कशामुळे?" हा प्रश्न वकिलांना होता.

"ते संशयित असल्यामुळे," वकील म्हणाले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला.

 न्यायाधीश बाई थकलेल्या दिसत होत्या. "कलम नऊ पूर्ण वाचा," त्या म्हणाल्या. वकिलांनी वाचलं. "पूर्ण," बाई म्हणाल्या. "पान उलटा."

वकिलांनी पान उलटलं. मागच्या बाजूलाही छापलेलं होतं. मला शपथेवर सांगता येईल की त्या अंगणातल्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं आणि वकिलांना सगळ्यांत कमी माहीत होतं. मागे लिहिलं होतं, की संशयित म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यानं तपासून, लेखी तसं ठरवलेला इसम.

"लेखी आहे?"

"नाही."

"या चौदांपैकी कोणाचं आहे?"

वकिलांनी चौदा कागद चाळले.  एकाचंही नव्हतं. बाईंनी चौदाही खटले तिथल्या तिथे काढून टाकले आणि खिडकी लावून घेतली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपल्याला आता वर्तुळातून बाहेर पडायची परवानगी आहे का, हे कोणालाच कळत नव्हतं, त्यामुळे आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. बॅटऱ्या परत मिळाल्या, पण मेलेल्या. त्यांच्यावर एक लहानसं चिकटपट्टीचं झाकण असतं, ते काढलं की त्या चालू होतात. पुराव्याची नोंद करणाऱ्यानं नंबर वाचण्यासाठी ती झाकणं काढून ठेवली होती, आणि बॅटऱ्या कपाटात नऊ दिवस चालून संपल्या होत्या. बांबू सापडला नाही. संध्याकाळी मी मावशीला नव्या बॅटऱ्या दिल्या. तिनं यंत्र लावलं, आणि मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "आता हळू बोल. सगळी गल्ली ऐकते." विभागप्रमुखांना कागद दाखवला तर त्यांनी विचारलं, यात 'खटला काढून टाकला' असं आहे, 'निर्दोष' कुठे आहे? ते अजून शोधतोय.

पण मला सांगायचंय ते कोर्टाच्या अंगणातलंच. पुरावा परत देण्याच्या खिडकीशी माझ्यापुढे एक परटीण उभी होती. तिची कपड्यांची हातगाडी जप्त झाली होती, ती न्यायला आली होती. वृद्धाश्रमाच्या धुतलेल्या चादरी पोचवायला जाताना तिला अडवलं होतं, आणि तिच्याही कागदावर नऊ होतं. तिची तारीख आदल्या आठवड्यात झाली होती. तिनं कबूल करून दंड भरला होता. वृद्धाश्रमानं तेव्हापासून तिचं काम बंद केलं होतं, साथीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली बाई नको म्हणून.

"आत्ता त्या बाईसाहेब वरून बोलल्या, ते मलाही लागू आहे ना?" तिनं खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"तुम्ही कबूल केलंत ना?"

"हो."

"मग नाही. त्यांचे काढून टाकलेत. तुमचं निकाली निघालंय."

"पण मलाही डॉक्टरांनी काही लिहून दिलं नव्हतं."

"तेव्हा सांगायला हवं होतं."

"सगळे म्हणाले कबूल कर, लवकर सुटशील." ती आमच्याकडे वळून म्हणाली. रागानं नाही. खरोखर विचारत होती, की यातलं आपलं कुठे चुकलं.

कोर्टकाका माझ्या मागे, सहा पायऱ्यांच्या अंतरानं उभे होते.   त्यांनी कारकुनाला विचारलं, "असे कबूल केलेले किती आहेत?"

"नऊखाली? तीसेक असतील. मोजले नाहीत."

काका पायरीवर बसले. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. त्यांनी हात पुढे केला. "कागद आहे का कोरा?"

माझ्या खिशात त्यांचाच अर्ज होता, माझी सही असलेला. मी तो उलटून दिला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी पेन काढलं आणि परटिणीला दोन हातांवर बसायला सांगितलं. मी बघत होतो. तेच सुंदर अक्षर, पण हात नेहमीपेक्षा हळू चालत होता. दर दोन ओळींनी ते थांबत होते, कारण असा अर्ज त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही लिहिला नव्हता आणि शब्द त्यांना सापडत नव्हते.

"काका," परटीण म्हणाली, "शेवटी माफ करा, चूक झाली, असं लिहायचं असतं ना?"

काकांनी पेन उचललं. 

"लिहायचं असतं," ते म्हणाले. "पण कोणाची, ते विचारून येतो." आणि अर्ज हातात घेऊन, जुनं ओळखपत्र न दाखवता, ते कोर्टाच्या पायऱ्या चढू लागले.